सेकंड हँड सहा सिलिंडर गाडी घेताय? आधी इंजिन कसं बसवलंय ते बघा

नव्या छोट्या एसयूव्हीच्या पैशात आज जुनी बीएमडब्ल्यू ३२५आय, स्कोडा सुपर्ब ३.६, निसान टिआना नाहीतर होंडा अकॉर्ड व्ही६ मिळते. ठाणे-नवी मुंबईत एमएच-०४ आणि एमएच-४३ च्या अशा गाड्या विकायला निघतच असतात, त्यामुळे ओळखीतलं कुणी ना कुणी मधेच फोन करून विचारतं, घेऊ का रे? मी सरळ हो किंवा नाही सांगत नाही. मी उलट दोन प्रश्न विचारतो. टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारी साखळी, पुढच्या बाजूला आहे की गिअरबॉक्सच्या बाजूला? आणि मागच्या तीन स्पार्क प्लगपर्यंत काही न उतरवता हात पोचतो का? किलोमीटर, रंग, सनरूफ हे सगळं नंतर. सहा सिलिंडरचं इंजिन मुळात फार टिकाऊ असतं, पण ते छोट्या जागेत बसवायला कंपनीने जी तडजोड केलेली असते ना, तिचं बिल दुसऱ्या तिसऱ्या मालकाला भरावं लागतं. दोनशे रुपयाचं सील आणि ते बदलायला अख्खं इंजिन खाली, असं होतं.

म्हणून आधी मांडणी समजून घेऊ, मग गाडी बघायला जाऊ.

तीन प्रकारची मांडणी

पहिली इनलाइन सिक्स, म्हणजे सहाही सिलिंडर एका रांगेत. यात पहिला आणि सहावा, दुसरा आणि पाचवा, तिसरा आणि चौथा पिस्टन जोडीने वरखाली होतात आणि एका जोडीचा झटका बाकीच्या दोन जोड्या खाऊन टाकतात, त्यामुळे बॅलन्स शाफ्ट (थरथर मारायला लावलेला जादा दांडा) न लावताही इंजिन लोण्यासारखं फिरतं. क्रँकच्या (पिस्टन फिरवतात तो दांडा) दोन फेऱ्यांत म्हणजे ७२० अंशात सहा स्फोट, दर १२० अंशाला एक. अडचण एकच, लांबी. बीएमडब्ल्यूच्या इनलाइन सिक्समध्ये दोन सिलिंडरच्या मध्यांतलं अंतर ९१ मिमी आहे, म्हणजे पहिल्यापासून सहाव्यापर्यंतच जवळपास ४५५ मिमी झाले, वर चेन, पंप, पुली वेगळी. ही लांबी आडवी बसवून शेजारी गिअरबॉक्स मावणं फार अवघड, म्हणून हे इंजिन बहुतेक मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत, बसवलेलं दिसतं. उभं असल्यामुळे दोन्ही बाजूंनी हात जातो, प्लग वरूनच दिसतात, कॉइल (प्लगला ठिणगीचा करंट देणारी) दहा मिनिटांत निघते. मेकॅनिक लोकांना हे इंजिन आवडतं त्याचं कारण हेच.

दुसरी व्ही६. तीन-तीन सिलिंडरच्या दोन रांगा, ६० अंशात असतील तर बऱ्यापैकी सुरळीत चालतं, ९० अंशात असतील तर क्रँकपिन सरकवून वर बॅलन्स शाफ्ट पण लावावा लागतो. इंजिन आखूड होतं, पुढच्या चाकांच्या गाडीत आडवं बसतं. टिआना आणि अकॉर्ड दोन्ही अशाच, ६० अंशांच्या. आता आडवं बसवलं की एक रांग रेडिएटरकडे आणि दुसरी फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) चिकटून, आणि या मागच्या रांगेचे प्लग, कॉइल, टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग, सेन्सर, सगळं इंटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरना हवा पोचवणाऱ्या नळ्यांच्या) खाली गाडलेलं. तिथे गरमी पण जास्त आणि बघणारं कुणी नाही. व्ही६ अगदी लहान करायचे प्रयोग जपानी कंपन्यांनी १९९० च्या दशकात केले, माझ्दाने १८४५ सीसीचं केलं, मित्सुबिशीने तर १५९७ सीसीचं, म्हणजे आपल्या साध्या सेडानएवढ्या सीसीत सहा पिस्टन! आपल्याकडे ती आली नाहीत पण नुसत्या कल्पनेनेच मला बरं वाटतं.

तिसरी व्हीआर६, माझ्या मते सगळ्यात हुशार मांडणी. फोक्सवॅगनने १९९१ मध्ये आणली. दोन रांगा फक्त १५ अंशात, इतक्या जवळ की दोन्हींवर मिळून एकच हेड बसतं, सिलिंडर नागमोडी. हॅचबॅकच्या बॉनेटखाली आडवी मावली. पुढे ३.६ लिटरच्या अवतारात कोन १०.६ अंशांवर आणला, आणि तेच इंजिन आपल्याकडच्या सुपर्ब ३.६ मध्ये आलं. आवाज तर असा की एकदा ऐकला की कानात राहतो. पण जागा वाचवायला टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला घेतली आहे. चेन, टेन्शनर (चेन ताणून धरणारा) किंवा गाइडचं काम निघालं की आधी गिअरबॉक्स उतरवायचा. चेनचे सुटे पार्ट परवडतात पण लेबर डोळे पांढरे करतं.

मर्सिडीजचा प्रवास बघा, १९९७ मध्ये त्यांनी जागेसाठी इनलाइन सिक्स सोडून ९० अंशांची व्ही६ घेतली, आणि २०१७ मध्ये एम२५६ इंजिनातून परत इनलाइनवर आले. ४८ व्होल्टची सिस्टम आल्यावर एसी कॉम्प्रेसर आणि वॉटर पंप विजेवर गेले, पुढचा बेल्ट गेला, इंजिनाची लांबी कमी झाली. टर्बो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पण एकाच गरम बाजूला राहतात. म्हणजे एवढी वर्षं जी अडचण होती ती अशी सुटली.

पायरी १: नक्की कुठलं इंजिन आहे ते काढा

मॉडेलच्या नावावर जाऊ नका, एकाच नावाखाली कंपन्या दोन-तीन वेगळी इंजिनं विकतात. आरसीवरून आणि चॅसी नंबरवरून इंजिनाचा कोड शोधा आणि मगच कुठल्या अडचणी बघायच्या ते ठरवा. माझ्या वहीत जे आहे ते सांगतो.

बीएमडब्ल्यू एन५२, साधारण २००५ पासूनचं, टर्बो नाही, मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमचा ब्लॉक. माझ्या मते जुन्यात घ्यायला सगळ्यात शहाणं इंजिन. चेन पुढे आहे आणि सहसा त्रास देत नाही. त्रास देतं ते इलेक्ट्रिक वॉटर पंप, थर्मोस्टॅट, टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि ऑइल फिल्टर हाउसिंगचं पॅकिंग. या शेवटच्याकडे नीट लक्ष द्या, कारण तिथून गळणारं ऑइल खाली ड्राइव्ह बेल्टवर पडतं, बेल्ट फुगतो, घसरतो, आणि तुटला तर त्याचे धागे क्रँकच्या पुढच्या सीलमधून आत ओढले जाऊ शकतात. साध्या पॅकिंगवरून इंजिन खोलायची वेळ येते ती अशी. अजून एक, या इंजिनाचे ॲल्युमिनियमचे बोल्ट एकदा काढले की परत लावायचे नाहीत, नवे घ्यायचे आणि टॉर्क देऊन वर ठरलेला अंश फिरवायचा. मेकॅनिकला हे माहीत नसेल तर गाडी त्याच्याकडे देऊ नका.

नव्या एम३४०आय मधलं बी५८ हे खूप दणकट इंजिन आहे पण त्यात चेन मागे गेली आहे, त्यामुळे जुनं झाल्यावर काय ते आत्ताच लक्षात ठेवा.

मर्सिडीजची एम२७२ पेट्रोल व्ही६ घेत असाल तर सुरुवातीच्या वर्षांतल्या इंजिनांमध्ये बॅलन्स शाफ्टचा गिअर मऊ धातूचा होता, दाते झिजतात, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि क्रँकचा मेळ बिघडतो, आणि दुरुस्तीला इंजिन उतरवावं लागतं. इंजिन नंबरवरून कळतं की आपलं त्या बॅचमधलं आहे का, तेव्हा टोकन द्यायच्या आधी नंबर तपासाच. प्लॅस्टिकच्या इंटेक मॅनिफोल्डमधली फ्लॅपची लिव्हर पण तुटते. डिझेल ओएम६४२ मध्ये ऑइल कूलर दोन रांगांच्या मधल्या खळग्यात आहे, त्याची सीलं कडक झाली की ऑइल मागे वाहत जाऊन गिअरबॉक्सच्या तोंडाशी गळतं आणि बघणाऱ्याला वाटतं क्रँकचं मागचं सील गेलं. गिअरबॉक्स उतरवून सील बदललं तरी गळती तशीच, असं अनेकांचं झालंय. आधी खळग्यात टॉर्च मारून बघायचं.

सुपर्ब ३.६ मध्ये चेनशिवाय कार्बनचं बघा. डायरेक्ट इंजेक्शन असल्यामुळे पेट्रोल व्हॉल्व्हवरून वाहत नाही, व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत, त्यावर काळा थर चढतो. तो अक्रोडाच्या टरफलाची भुकटी मारून साफ करतात. टॅपेट कव्हरमधला ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर काढणारा) डायफ्राम फाटला की आयडलिंग वरखाली होतं आणि शिट्टीसारखा आवाज येतो.

अकॉर्ड व्ही६ मध्ये चेन नाही, टायमिंग बेल्ट आहे, आणि बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. १ लाख किमी किंवा सहा-सात वर्षं, जे आधी होईल ते. ४० हजार फिरलेली २००९ ची गाडी म्हणजे बेल्ट चांगला असं समजू नका, रबर वयाने पण मरतं. बेल्टवरच वॉटर पंप चालतो, दोन्ही एकत्र बदला. टिआनामध्ये चेन आहे आणि वॉटर पंप चेनकव्हरच्या आत, हे मेकॅनिकने आधी केलेलं असलं पाहिजे.

पायरी २: थंड इंजिनावर जा

विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगा की मी सकाळी यायच्या आधी गाडी चालू करू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागला तर परत या, मी यावर काही एक ऐकून घेत नाही. रात्रभर उभ्या गाडीत टेन्शनरमधलं ऑइल खाली उतरलेलं असतं, त्यामुळे चेन सैल झाली असेल तर सेल मारल्यावर पहिल्या दोन-तीन सेकंदांतच खडखड ऐकू येते, नंतर प्रेशर आलं की गप्प. हे दोन-तीन सेकंद मोबाइलवर रेकॉर्ड करा, एकदा बॉनेटसमोर उभं राहून आणि दुसऱ्या दिवशी जमलं तर गाडीखाली गिअरबॉक्सच्या बाजूने. बारीक टिकटिक मिनिटभर राहून गेली तर बहुधा हायड्रॉलिक टॅपेट, त्याने घाबरायचं नाही. धूर बघा, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा गोडसर वासाचा आणि थांबतच नसेल तर कूलंट.

पायरी ३: डोळ्यांनी आणि नाकाने

ऑइलचं झाकण उघडून आतला रंग बघा, सोनेरी-तपकिरी चालेल, काळा चिकट गाळ नको. कूलंटची टाकी बघा, गंजाचं पाणी दिसलं म्हणजे कुणीतरी वर्षानुवर्षं नळाचं नाहीतर बोअरचं पाणी भरलंय, आणि अशा इंजिनात प्लॅस्टिकचे पाइप, थर्मोस्टॅट हाउसिंग, रेडिएटर सगळ्याचं आयुष्य कमी झालेलं समजा. मागच्या रांगेकडे टॉर्च मारा, जळक्या ऑइलचा वास म्हणजे पॅकिंगमधून थेंब एक्झॉस्टवर पडतायत. खालचं कव्हर काढायला लावा. इंजिन नुकतंच धुऊन चकाचक केलं असेल तर मी जास्तच वेळ घालवतो, कारण गळतीच्या खुणा धुतल्या गेलेल्या असतात.

माझी पहिली व्ही६ मी याच पायरीला घाई करून घेतली. पहिल्याच जुलैत ती मिसिंग मारायला लागली, म्हणजे एखादा सिलिंडर मधेच पेटेना, दोन गॅरेजनी कॉइल बदलल्या, प्लग बदलले, आठ दिवस बरी आणि परत तेच. शेवटी वागळे इस्टेटमधल्या एका जुन्या मेकॅनिकने मॅनिफोल्ड उतरवला आणि मला बोलावून दाखवलं. "साहेब, हे बघा, प्लगच्या विहिरीत ऑइल भरलंय. कॉइल कितीही बदला, ती ऑइलातच पोहणार." टॅपेट कव्हरमधली प्लग ट्यूबची सीलं कडक झाली होती. तेव्हापासून घेण्याआधी मी मागच्या रांगेची निदान एक कॉइल काढून बघायचा आग्रह धरतो, त्याचं लेबर मी स्वतः देतो.

पायरी ४: स्कॅनर लावा, पण चेक इंजिनचा दिवा बघायला नाही

दिवा कुणीही पुसून टाकतो. बघायचं ते हे. बिघाडाचे कोड पुसल्यानंतर गाडी किती किलोमीटर चालली ते, कालच पुसले असतील तर प्रश्न विचारा. पी०३०१ ते पी०३०६ म्हणजे कुठल्या सिलिंडरला मिसिंग आहे, शेवटचा आकडा सिलिंडरचा. पी००१६ म्हणजे कॅम-क्रँकचा मेळ नाही, चेन किंवा गिअर झिजल्याची शंका घ्या. मग फ्युएल ट्रिम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर इंधन किती टक्के कमी-जास्त करतोय ते. सहा सिलिंडरमध्ये बहुतेकदा दोन बँक, म्हणजे सिलिंडरचे दोन गट, असतात, इनलाइनमध्ये सुद्धा १-३ आणि ४-६ असे दोन गट करतात, आणि हा फार कामाचा प्रकार आहे. पी०१७१ आणि पी०१७४ दोन्ही आले म्हणजे दोन्ही बँकांना हवा जास्त, तेव्हा कारण सामाईक आहे, एअर मास सेन्सर, पेट्रोल पंप, ब्रीदर, मोठी व्हॅक्यूम लीक. एकच आला तर बिघाड त्याच बाजूला आहे. नुसतं एवढं समजलं तरी विनाकारण पार्ट बदलण्याचे निम्मे पैसे वाचतात.

ट्रिम ५-६ टक्के प्लसमध्ये दिसलं म्हणून लगेच घाबरू नका, आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, येतं, इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, तेवढ्याच हवेला इंधन थोडं जास्त लागतं. १० च्या वर कायम असेल तर मात्र शोधा.

पायरी ५: चालवून बघा, पण आपल्या ट्रॅफिकमध्ये

रिकाम्या पाम बीच रोडवर कुठलीही सहा सिलिंडर छानच वाटते. आधी संध्याकाळी ठाण्याच्या घोडबंदर रोडला कापूरबावडी ते गायमुख एसी लावून रांगेत घाला, अर्धा तास तरी. तापमान स्थिर राहतं का, फॅन वेळेवर लागतो का, एसी उभ्या गाडीत थंड देतो का, आयडलला स्टीअरिंग थरथरतं का हे बघा. सहा सिलिंडरची गाडी सिग्नलला थरथरली तर एकतर मिसिंग आहे नाहीतर इंजिन फाउंडेशन (इंजिन ज्या रबरांवर बसतं ते) गेलंय, तिसरं कारण क्वचितच. मग गायमुखच्या चढावर कमी आरपीएमला हळूच दाबा, झटके येतात का बघा, जोर पडला की अशक्त कॉइल लगेच बोलते. पाम बीच शेवटी, लिमिटमध्ये, एकसारख्या वेगात. परत आल्यावर इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबा आणि गाडीखाली वाका.

सगळं ठीक वाटलं तर कूलंट सिस्टमची प्रेशर टेस्ट आणि कॉम्प्रेशन टेस्ट करा. सहाही सिलिंडरमध्ये १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. यासाठी मागच्या रांगेचे प्लग काढावेच लागतात म्हणून विकणारे कंटाळा करतात, पण मी या टेस्टशिवाय टोकन देत नाही.

दिल्लीची गाडी स्वस्त मिळतेय म्हणून उडी मारू नका. तिकडच्या गाड्यांच्या वयाच्या नियमामुळे जुनी डिझेल व्ही६ मातीमोल निघते हे खरं, पण एनओसी, इथला रोड टॅक्स आणि १५ वर्षांनंतरचं रजिस्ट्रेशन, पर्यावरण कर हे सगळं मांडून बघा, शिवाय तिला आपल्या दमट हवेची सवय नसते आणि कागद नीट नसले की आरटीओत चपला झिजतात.

घेतल्यावर

गाडीच्या किमतीच्या पंचवीस ते तीस टक्के रक्कम बाजूला ठेवूनच व्यवहार करा, हा माझा नियम. पहिल्या महिन्यात ऑइल, फिल्टर, कूलंट, प्लग, ड्राइव्ह बेल्ट बदलून टाका, आधीचा मालक काहीही सांगो. एन५२ असेल आणि वॉटर पंपाचा इतिहास माहीत नसेल, गाडी लाखाच्या आसपास फिरली असेल तर पंप आणि थर्मोस्टॅट सोबत बदला, हा पंप आधी गळून सूचना देईलच असं नाही, अचानक थांबतो. आणि कधीही तापमानाचा इशारा आला तर माजिवड्याच्या पुलावर असलात तरी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा, "घरापर्यंत नेतो" म्हणून ॲल्युमिनियमची हेडं वाकतात.

कामाची साखळी लावा. मॅनिफोल्ड उतरतोच आहे तर त्याच वेळी मागचे प्लग, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ब्रीदरचे पाइप. गिअरबॉक्स उतरतोच आहे तर चेन, मागचं सील, फाउंडेशन. पार्ट दोन महिने टिकला असता असं वाटलं तरी बदला, कारण लेबर एकदाच द्यायचंय. इंजिन उघडायच्या आधी सगळे पार्ट हातात हवेत, नाहीतर तुर्भ्याच्या शेडमध्ये गाडी उघड्या इंजिनाने महिनाभर धूळ खाते.

ऑइल बदलायचं ते नुसत्या किलोमीटरवर नाही, तास पण धरून. घोडबंदरला सरासरी १५ चा वेग धरला तर १० हजार किमीला जवळपास ६६७ तास इंजिन चालतं, तेच हायवेला ६० च्या सरासरीने १६७ तास. चारपट! म्हणून मी ७ हजाराला किंवा वर्षाला बदलतो, आणि ग्रेड कंपनीने दिलेला अप्रूव्हलचाच, बीएमडब्ल्यूला एलएल-०१, मर्सिडीजला २२९.५, असा जो त्या इंजिनाला लिहिलाय तो. नुसतं ५डब्ल्यू-३० लिहिलंय म्हणून नाही. दर हजार किमीला लेव्हल बघा आणि वहीत लिहा, किती खाते ते कळेल. कूलंटमध्ये दोन जाती मिसळू नका, गाळ धरतो, डिस्टिल्ड वॉटर घालूनच बनवा.

जुन्या गाड्या ई२० साठी बनलेल्या नाहीत, २०२३ च्या एप्रिलपासूनच्या गाड्यांत तसे पार्ट येतात. म्हणून जुन्या गाडीत पेट्रोलचे रबरी पाइप दरवर्षी तपासा, जिथे चरे दिसले तिथे इथेनॉल चालणारा पाइप टाका, आणि अर्धी टाकी भरून महिनोन्महिने पार्किंगमध्ये उभी ठेवू नका.

पार्किंगवरून आठवलं, उंदीर. बॉनेटखाली उबेला येतात, वायरिंग कुरतडतात, आणि मागच्या रांगेची वायर तुटली की शोधायलाच दिवस जातो. पावसाळ्याआधी वायरिंगवर जाळीची स्लीव्ह चढवून घ्या आणि प्लग ट्यूबची सीलं, कॉइलची रबरं तपासून घ्या, जुलैतल्या निम्म्या मिसिंग तिथल्याच असतात.

आणि वंदना सिनेमाजवळ किंवा नवी मुंबईच्या एखाद्या सबवेत पाणी भरलं असेल तर गाडी घालू नका, तुमच्या गाडीचा हवेचा पाइप कुठे तोंड उघडतो ते आधीच बघून ठेवा, बऱ्याच गाड्यांत तो ग्रिलच्या मागे बऱ्यापैकी खाली असतो. पाण्यात बंद पडलीच तर परत सेल मारायचा नाही. बॅटरीची वायर काढा, टो करून गॅरेजला न्या, सहाही प्लग काढून घ्या, हाताने क्रँक फिरवून पाणी बाहेर येतंय का बघा, ऑइल दुधाळ झालं असेल तर बदला, आणि हे सगळं झाल्यावरच मेकॅनिकला पहिला सेल मारू द्या.